तीन शेतांचं शहर: कोथरूडकरांना उत्तर

कोथरूडकर, नमस्कार.

स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या राज्याच्या भूगोलावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘व्हाइटरनमध्ये आमच्या सोसायटीएवढीही माणसं नाहीत, भोवती तीन शेतं, आणि तुम्ही या राजधानीचं कौतुक करता?’ आधी एक बारीकशी दुरुस्ती: राजधानी सॉलिट्यूड. व्हाइटरन हे नऊ परगण्यांपैकी एकाचं ठाणं. खोच पुणेरी आहे, माफ करा.

आकाराबद्दल तुमचं बरोबरच आहे. २०११ सालच्या या गेमचा नकाशा ४० चौरस किलोमीटरच्या आत बसतो. स्वारगेटहून निघून कात्रजला पोचेस्तोवर तिथे आख्खं राज्य संपतं. माणसं, शेतं, अंतरं सगळंच आटवलेलं. म्हणून मी डोकी मोजत नाही. वस्ती नेमकी तिथेच का बसली, ते बघतो.

रिव्हरवुड हे खेडं घ्या. नदीकाठी लाकडाची वखार, तिथली करवत पाण्याच्या जोरावर चालते. पूल ओलांडला की रस्ता धबधब्याशेजारून उतरतो, खाली मधाची दारू गाळणारी भट्टी, मग शेतं, आणि समोर टेकाडावर व्हाइटरन. वर लाकूड, खाली धान्य, मध्ये बाजार. आपल्याकडे याला कसबा म्हणतात.

तीच नदी पुढे पूर्वेला एका घळीत शिरते. तिथे वाल्थाइमचे दोन बुरूज, वरून दगडी पूल, आणि खाली रस्त्यावर दरोडेखोर बाई तुम्हाला अडवून २०० नाणी मागते. मी पहिल्यांदा तिथे अडलो तेव्हा मला नाणेघाटातला रांजण आठवला, जकातीचा म्हणून दाखवतात तो. वाट चिंचोळी झाली की तिथे कोणीतरी हात पसरून बसणारच. हे ज्याने नकाशात मांडलं त्याला भूगोल कळतो, असं माझं मत.

आणि विंडहेल्म! शहर जुनं, तटबंदी भक्कम, पण गोदीवर राबणाऱ्या आर्गोनियनांना, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या लोकांना, तटाच्या आत राहायला बंदी. काळ्या एल्फांना (टोकदार कानांची दुसरी एक जमात) आत जागा आहे, तीही वेगळ्या, पडीक मोहल्ल्यात. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. लेखात मी हे एका ओळीत उरकलं, याबद्दल तुम्ही झापलं असतंत तर निमूट ऐकून घेतलं असतं.

शेतांचं मात्र मान्य. कितीही आटवलं तरी तेवढ्या कोबी-बटाट्यांवर व्हाइटरनचा हिवाळा निघत नाही. विंटरहोल्डचंही तसंच: ऐंशीएक वर्षांपूर्वी निम्म्याहून जास्त शहर समुद्रात कोसळलं, एवढं कारण गेम देतो, पण उरलेली चार घरं त्या बर्फात खातात काय, ते मला अजून सापडलेलं नाही. ‘प्रत्येक वस्ती आपल्या जागी चपखल’ हे माझं लेखातलं वाक्य आज बदललंय. आता तिथे ‘बहुतेक’ आहे.