वयोगट : नऊ, पातळी : चौथी

घरातली एखादी बाई पुस्तकं वाचते अशी नुसती कुणकुण लागली, की नातलगांच्या पोरांना पुस्तकं सुचवण्याचं खातं आपोआप तिच्याकडे येतं. वर मानधन नाही. बहिणीने तिचा नऊ वर्षांचा चिरंजीव माझ्या हवाली केला आणि म्हणाली, ‘‘मराठी काहीतरी दे गं वाचायला. तुला कळतं त्यातलं.’’

चिरंजीव इंग्रजी शाळेतले. म्हणजे बुद्धी नऊची, प्रश्न पंधराचे आणि मराठी वाचन सहाचं. जोडाक्षर आलं की स्वारी घाटातल्या जुन्या एसटीसारखी मागे सरकते. ‘स्वयंपाकघर’ हा शब्द पार होईस्तोवर गोष्टीतल्या लोकांची जेवणं उरकलेली असतात. त्याला वाचता येईल ते पुस्तक ‘बाळांचं’ असतं, आणि जे पुस्तक त्याला शोभेल ते वाचता येत नाही.

प्रथम बुक्सवाल्यांनी पुस्तकांना पातळ्या दिल्यात, पहिलीपासून चौथीपर्यंत. मी आपलं हिशेबाने पहिल्या पातळीचं आणलं. चित्रं त्याला आवडली, पण आकडा दिसताच त्याने ते धाकट्या बहिणीकडे सरकवलं. ‘‘मावशी, मी चौथीत आहे. मला चौथी पातळी.’’ दिली. दुसऱ्या परिच्छेदात त्याला तहान लागली.

मग माधुरी पुरंदरे. चित्रंही त्यांचीच, आणि भाषा अशी की मुलं घरात खरंच तशी बोलतात. माझ्या मते या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि हे मी भांडून सांगेन. ‘राधाचं घर’ त्याने सगळं वाचलं! ‘‘छान आहे. पण यात व्हिलन कुठाय?’’

एवढ्यात आमचे नाना पेपर बाजूला ठेवून उठले. त्यांच्याकडे सर्व वयोगटांसाठी एकच औषध आहे. ‘‘साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, १९३३ साली. वाचताना रडला नाहीस तर वाचलं नाहीस असं समज.’’ पोराने गांभीर्याने विचारलं, ‘‘प्रत्येक पानावर रडायचं की शेवटी एकदाच?’’ नाना पुन्हा पेपरात शिरले.

तोवर मी तज्ज्ञ झाले होते. पानावर ओळी किती, टाइप केवढा, जोडाक्षरं कुठे दबा धरून बसलीत, सगळं दुकानात उभ्या उभ्याच मोजायचे. दुकानदार मला इन्कम टॅक्सवाली समजून पाणी द्यायचा. भाच्याच्या कसोट्या मात्र वेगळ्या : पुस्तक जाड दिसलं पाहिजे आणि मुखपृष्ठावर फुलपाखरू नको.

शेवटी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढला, पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, साहसं करत फिरणारा पोरगा. मी वाचायचं, त्याने ऐकायचं, असं ठरलं. पण फेणे जिभेने काढतो ते ‘ट्टॉक’ आलं की भाचा पुस्तक ओढून घ्यायचा आणि ते स्वतः वाचायचा. ‘स्वयंपाक’ला घाम फुटणारा गडी ‘ट्टॉक’ एका दमात! मग ‘ट्टॉक’च्या आधीची ओळ, मग त्या आधीचीही. मी हळूच माझं वाचणं कमी केलं.

एकच शंका त्याला अजून छळते. ‘‘मावशी, हा खरंच फुरसुंगीचा?’’

‘‘हो. का रे?’’

‘‘आणि फास्टर? बाबांचं ऑफिस तिथेच आहे ना. ते तर रोज ट्रॅफिकमध्येच असतात.’’