ब्रश रोज उकळू नका, वाळवा

फिरणारा संदेश असा: टूथब्रशवर लाखो जंतू असतात, म्हणून तो रोज रात्री मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं उकळा किंवा डेटॉलच्या पाण्यात बुडवा, आणि वर टोपी लावून ठेवा.

जंतू असतात, हे खरं. पण बहुतेक आपल्याच तोंडातले. निरोगी माणूस स्वतःच्या ब्रशवरच्या जंतूंनी आजारी पडतो, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनचंही मत हेच.

उकळल्यावर जंतू मरतात, पण ब्रशचे केस नायलॉनचे. रोजच्या उकळीने ते वाकतात, फाकतात, आणि फाकलेला ब्रश हिरडीलगतचा थर नीट काढत नाही. कुणी मायक्रोवेव्हही सुचवतात. बहुतेक ब्रशमध्ये केसांचे झुबके धातूच्या बारीक पट्टीने अडकवलेले असतात, तिथे ठिणगी उडू शकते.

मिठाचं काय? पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ म्हणजे जेमतेम अडीच टक्के. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू प्रयोगशाळेत ७.५ टक्के मिठावर मुद्दाम वाढवतात, मग एवढ्याशा मिठाने तो काय मरणार!

डेटॉल बाहेरून वापरायचं. तोंडात जाणाऱ्या वस्तूला ते नको.

टोपीचा सल्ला मात्र सगळ्यात उलटा. ओल कोंडली की जंतूंना आयतं घर. ब्रश नळाखाली केस बोटाने विंचरत धुवा, दोन-तीनदा जोरात झटका, उभा, उघडा आणि दुसऱ्याच्या ब्रशला न टेकता ठेवा. संडासापासून लांब, कारण फ्लशचे तुषार उडतात. कमोडला झाकण असेल तर फ्लशआधी ते पाडा. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ब्रश संध्याकाळपर्यंतही ओला राहतो. तेव्हा दोन ब्रश आलटून पालटून वापरा. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधीच, नवा घ्या.

केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर निर्जंतुकीकरणाबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यांनी सांगितलं तर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) असलेला माउथवॉश छोट्या कपात घेऊन ब्रशचं डोकं २० मिनिटं बुडवा, मग पाण्याने धुवा. बुडवण्याआधी पेस्ट पुरती निघाली पाहिजे, कारण तिच्यातलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट क्लोरहेक्सिडीनला निकामी करतं. द्रव दरवेळी नवा घ्यायचा, आणि एका कपात घरभराचे ब्रश नाहीत.