शहाण्णव टक्के

काल ऑनलाइन मिटिंगमध्ये पुण्यातल्या साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "कोल्हापूरला अजून नेट पोचलं नाही वाटतं?" मला म्हणायचं होतं "तुमच्या आयटीवाल्यांना विचारा", पलीकडं पोचलं फक्त "तुमच्या आय", आणि मग सगळे गप्प.

मग बसलो हुडकत. लॅपटॉपला लॅन केबल लावून राउटरला पिंग मारला, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पॅकेटं, पाठवून परत येतात का बघितलं. एक पॅकेट गळलं नाही, म्हणजे लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा रस्ता बिचारा निर्दोष. बाहेर 8.8.8.8 ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला मारला की शंभरातली चार गायब, तीपण अधूनमधून सलग. तक्रार टाकली, नेट कंपनीचं पोरगं आलं, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून म्हणालं, "शंभरला शंभर हाय की ओ सर." अरे बाबा, डाउनलोडमध्ये हरवलेलं पॅकेट परत मागवून घेतात, कॉलमध्ये तेवढा वेळ नसतो, गेलं ते गेलं! हे मी मंगळवार पेठेतल्या जिन्यात हातवारे करून सांगत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे बापू उतरले.

"किती गेलं म्हणालास?"

"चार टक्के, बापू."

"म्हंजे शहाण्णव पडल्यात की! आमच्या बंड्याला दहावीत त्रेपन्न पडलं तर पेढं वाटलं हुतं आम्ही."

पोरगं खूश. "तेच सांगतोय मी सरांना मगापास्नं."

"आनि 2019 च्या पुरात लाईट न्हवती, पाणी न्हवतं, तवा कोण पॅकेटं मोजत बसलंवतं का? नाद करतोस लेका." एवढं बोलून बापू पायरीवर ठाण मांडून बसले आणि त्या पोराला गाव कुठलं, पगार किती, लग्न ठरलंय का हे सगळं विचारून झालं. माझ्या राउटरकडं कुणी बघितलं असेल तर शपथ. ह्या कंपन्या महिना संपायच्या आत बिलाचे मेसेज पाठवतात, त्यात एकही पॅकेट कसं हरवत नाही हो?

शेवटी राउटरचं सेटिंगचं पान मीच उघडलं. ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधनं येणाऱ्या उजेडाची ताकद, वजा 28 डीबीएम, वजा 27 च्या खाली गेलं की बोंब सुरू होते. वायर धरून धरून गॅलरीत गेलो तर आमच्या फायबरला गाठ मारून, ताणून, त्यावर बापूंचा ओला टॉवेल. काचेचा धागा असतो तो, मुरडला की उजेड बाहेर गळतो. वारं आलं की टॉवेल हलतो, टॉवेल हलला की मी मिटिंगमध्ये शिव्या देतो.

"बापू, टॉवेल काढा."

"वाळला की काढतो."

आषाढात!

पोरगं म्हणालं वायर बदलायला वरनं मंजुरी लागती, तोवर ओटीपी द्या, तक्रार बंद करतो, मला उचगावला जायचंय. मी म्हटलं, ओटीपी आलाच नाही, पॅकेट लॉस आहे.