मक्याच्या धाटांत प्लांटर अडकला, एक तारा मिळाला : त्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला. खरिपात आमच्याकडून घेतलेला फणाचा प्लांटर (टोकदार फणाने चर पाडून बी टाकणारं पेरणीयंत्र) रब्बीत मक्याच्या धाटांत चालला नाही, चार पावलं गेलं की कचरा भरायचा, बी वरच पडलं, जागोजाग नांगे (रोपांविना रिकाम्या जागा) पडले, फोन कोणी उचलला नाही, शेजाऱ्याकडे डबल डिस्कचा (फणाऐवजी दोन फिरत्या चकत्यांनी चर पाडणारा) असताना आम्ही फणाचा तुमच्या गळ्यात मारला, आणि पुढच्या वर्षी तुम्ही सरळ काडी लावून रान मोकळं करणार, असं तुम्ही लिहिलंय. उगवण हातची गेली की माणूस किती खचतो ते मी काउंटरवर बसून बघत आलोय, त्यामुळे तुमच्या रागाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काडी लावायची गोष्ट वाचली आणि दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमेना.

फोनचं आधी सांगतो. पेरणीच्या दिवसांत आमचे मिस्त्री दिवसभर रानात असतात आणि तिथे रेंज मिळत नाही, म्हणूनच बिलावर वर्कशॉपचा दुसरा नंबर छापलेला आहे. त्या नंबरवर तुमच्या मुलाचा निरोप आला आणि मिस्त्री तुमच्या बांधावर येऊन गेला.

त्याने काढलेले फोटो आत्ता माझ्यासमोर आहेत. धाटं श्रेडरने बारीक केलेली, गादीवाफ्यावर चांगला चार बोटं जाड थर, आणि सकाळचं दव अजून सुकलेलं नाही. फणाच्या मानेला भिजलेल्या पात्यांचा गोळा बसलाय आणि त्या गोळ्यावर सगळी फ्रेम उचलली गेलीय. बी वर पडलं ते यामुळे. दुसरा फोटो त्याहून महत्त्वाचा आहे. त्यात प्लांटरचं जमिनीवर चालणारं चाक कचऱ्यावरून फिरल्याची नाही, ओढत गेल्याची खूण दिसते. हे चाक फिरलं नाही की साखळी फिरत नाही, साखळी फिरली नाही की बी सोडणारी तबकडी थांबते, आणि पेटी बियाण्याने भरलेली असून तास (पेरणीची ओळ) रिकामा जातो. तुमच्याकडे नांगे सलग हात-दोन हात लांबीचे आहेत, ते या घसरण्याचे. बियाणं खराब असतं तर नांगे असे पट्ट्याने पडले नसते.

धाटं जितकी बारीक तितकी पेरणी सोपी, असं बऱ्याच जणांना वाटतं. न मोडलेल्या गादीवर याच्या उलट घडतं. मुळाला घट्ट धरलेलं खुंट जागचं हलत नाही, दोन फणांत अंतर असलं तर यंत्र त्याच्या बाजूने निघून जातं. सुटा, ओला चुरा मात्र फणाबरोबर ओढला जातो. पुढच्या वेळी धाट चाऱ्यासाठी वरून कापून न्या, खाली वीत-दीड वीत खुंट उभं राहू द्या, आणि श्रेडर मारायचाच असेल तर पेरणीच्या आदल्या दिवशी मारू नका.

आता फणाचा का दिला त्याबद्दल. तुम्ही प्लांटर घेतलात तेव्हा पीक सोयाबीन होतं आणि रान रोटाव्हेटर मारून तयार होतं. कोटेशनवर ‘स्वच्छ जमिनीसाठी’ असं लिहिलेलं आहे. कचरा कापणारी डिस्क आणि तो बाजूला सारणारी दातेरी स्टार व्हील वेगळी घ्यायची ओळही त्याखालीच आहे. तुम्ही ती घेतली नाहीत आणि मीही आग्रह केला नाही, कारण त्या रानाला तिची गरज नव्हती. रब्बीत मात्र मक्याच्या रानात, गादी न मोडता तिच्यावरच पुन्हा मका घ्यायचं तुम्ही ठरवलंत. हा निर्णय मला मनापासून पटलेला आहे. फक्त त्या दिवसापासून यंत्राकडून मागायचं काम बदललं.

डबल डिस्क हे त्याचं उत्तर आहेच असं नाही. डिस्क कचरा गोळा करत नाही, त्याच्यावरून लोळत जाते, हे खरं. पण धाट ओलं असलं आणि वरून वजन कमी पडलं, की डिस्क ते कापत नाही, दुमडून चरात कोंबते. बी त्या घडीत जाऊन बसतं. वरून तास सुरेख मिटलेला दिसतो, आठ दिवसांनी उकरून बघावं तर दाणा कोरड्या पात्यांत, मातीला टेकलेलाच नाही. शिवाय तुमची जमीन काळी भारी. वापसा (पेरणीजोगी ओल) पुरता आला नसताना डिस्क चालवली तर चराच्या दोन्ही भिंती चोपून गुळगुळीत होतात, मुळाला आडवं शिरता येत नाही, आणि माती सुकली की नेमका तो चरच उकलतो. शेजाऱ्यांची जमीन पोयट्याची आहे, तिथे हा त्रास कमी.

गादीवर किंवा वरंब्यावर पेरताना मी पहिला प्रश्न हा विचारतो, की कचरा जाणार कुठे? सगळ्या रानातून तो हलवायची गरज नसते. बी पडणार तेवढा वीतभर पट्टा मोकळा झाला आणि बाकीचं सरीत गेलं की काम झालं. अमेरिकेत आयोवा-नेब्रास्काकडे मक्यासाठी ही पद्धत जुनी आहे. उभ्या पिकाला भर देताना ते वरंबा चढवतात आणि पुढच्या हंगामात नांगर न लावता त्याच माथ्यावर पेरतात. प्लांटरच्या पुढे वखराच्या पासेच्या (आडव्या पात्याच्या) जातीचा रुंद फाळ किंवा तिरक्या चकत्या असतात. त्या माथ्यावरची इंचभर माती खुंटांसकट खरवडून मधल्या सरीत लोटतात, आणि उघड्या पडलेल्या ओलीत बी जातं. तिकडे थंडीनंतर वरंब्याचा माथा लवकर तापतो म्हणून हा खटाटोप. आपल्याला तो खरिपात पाणी निघून जावं आणि रब्बीत ओल टिकावी म्हणून हवा.

तुमच्या यंत्राला हेच काम दोन वस्तूंनी करता येतं. पुढे कापणारी डिस्क, तिच्या मागे दातेरी स्टार व्हीलची जोडी, आणि फण आहे तोच, फक्त त्याचं टोक बदलून उलट्या टीच्या आकाराचं अरुंद. डिस्कची धार वेळोवेळी लावावी लागते. धारेइतकीच खालची जमीनही टणक लागते, पाट नसेल तर सुरी भाजी कापत नाही, दाबते. न मोडलेली गादी हा टणकपणा देते, रोटाव्हेटर मारलेली देत नाही. म्हणून अर्धवट मशागत करून वर कचरा ठेवणं हा सगळ्यात वाईट मेळ.

स्टार व्हील लावताना लोक एक गोष्ट हमखास करतात, ती खाली दाबतात. मग ती माती उकरतात आणि गादीच्या माथ्यावर नाली तयार होते. पाऊस झाला की पाणी नेमकं बियाण्यावर थांबतं आणि गादीचा उपयोगच संपतो. चाकांनी कचरा बाजूला सारावा, मातीला जेमतेम शिवावं, मधूनमधून फिरायची थांबली तरी चालेल. तिसरी गोष्ट त्या घसरणाऱ्या चाकाची. ते मोकळ्या पट्ट्यात धावेल असं सरकवायचं आणि त्याला लोखंडी दाते जोडायचे. हे वर्कशॉपमध्ये अर्ध्या दिवसाचं काम आहे.

बाकी पथ्यं थोडी. दव उडाल्यावर, धाट हातात कडकन मोडायला लागलं की पेरणी सुरू करा. ट्रॅक्टर ताशी 3 ते 4 किलोमीटरच्या वर नको. नवा तास जुन्या खुंटांच्या ओळीवर न घेता चार-पाच इंच बाजूला घ्या. बी 4 ते 5 सेंटीमीटर खोल, दोन ओळींत 60 सेंटीमीटर असेल तर दोन रोपांत 20. खताचा पहिला हप्ता बियाण्याच्या बाजूला आणि खाली पडू द्या, कारण मक्याचं धाट कुजताना जमिनीतला नत्र काही दिवस अडकवून ठेवतं आणि त्या काळात रोप पिवळं पडतं. पिवळं रोप बघूनही बरेच जण यंत्रावर राग काढतात.

आणि दादा, काडीचं. एकरी 30 क्विंटल मका निघाला तर जवळपास तितक्याच वजनाचं वाळलेलं धाट रानात उभं असतं. पेटवलं की त्यातला नत्र आणि बराचसा गंधक धुरावाटे जातो, मागे राख राहते, तीही वाऱ्यावर. जे कुजून कर्ब झालं असतं ते एका संध्याकाळी संपतं. नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेल्या एसआरटी (सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक) या बिननांगरणीच्या पद्धतीत गाद्या कायमच्या ठेवतात आणि पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात, तिथे साच्याने भोकं पाडून हाताने टोकणी होते. तुमचं क्षेत्र मोठं, मजूर मिळत नाहीत, म्हणून तुम्हाला यंत्र लागतं, एवढाच फरक. तुम्ही निवडलेली वाट चांगली आहे. एका हंगामाच्या त्रासापायी ती सोडू नका.

माझ्याकडून असं करू. प्लांटर घेऊन वर्कशॉपला या, तीन दुरुस्त्या करून देतो. फिटिंगची मजुरी घेणार नाही, फक्त सामानाचे पैसे. आमच्या मागच्या तुकड्यात मक्याची खुंटं उभी आहेत, तिथे तुमच्या ट्रॅक्टरला लावून दोन गाद्या पेरून बघू, तुम्ही स्वतः तास उकरून बी तपासा. नाही पटलं तर सामान परत घेईन, पैसे त्याच दिवशी. येताना ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर आणि तुमच्या दोन सऱ्यांमधलं अंतर टेपने मोजून लिहून आणा. ही दोन्ही जुळली नाहीत तर चाक गादीच्या कडेवर चढतं आणि बाकी सगळं नीट बसवूनही तास वाकडा जातो. फरक निघाला तर रिम उलटी करून अंतर बदलता येतं का तेही तेव्हाच पाहू.