काका, जेफरसनचं लॅटिन उत्तमच होतं, पण…

"अमेरिका घडवणारे सगळे ग्रीक-लॅटिनचे पंडित होते. त्यांनी अथेन्सची लोकशाही जशीच्या तशी उचलली. प्राचीन ग्रंथांमुळेच त्यांचं चारित्र्य निष्कलंक झालं." हा फॉरवर्ड काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला. वर आठवीतल्या भाचीला टोमणा, "याला म्हणतात शिक्षण!" ती बिचारी गप्प बसली, मला बसवेना.

'सगळे' म्हणजे कोण? पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन कॉलेजात गेला नाही, लॅटिन शिकला नाही. शास्त्रज्ञ-मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनची शाळा दहाव्या वर्षीच सुटली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा बेंजामिन रश तर पुढे शाळांतून ग्रीक-लॅटिन हटवा म्हणत होता.

अथेन्सचं म्हणाल तर त्यांना त्याची धास्तीच होती. संविधानाच्या बाजूने लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखांपैकी ५५वा लेख, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनचा मानतात, तो म्हणतो की अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता, तरी तिथली प्रत्येक सभा झुंडच ठरली असती. रोमचा ठसा होता, हे मात्र कबूल करावं लागतं. सिनेट हे नाव तिकडचंच, त्या लेखांखालची 'पब्लियस' ही टोपणनावाची सहीसुद्धा. मॅडिसनने ग्रीक संघराज्यांचाही अभ्यास केला, पण ती का मोडली हे शोधायला.

आता ते निष्कलंक चारित्र्य. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन ग्रीक-लॅटिन मुळातून वाचायचा, आणि आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. बरं, त्या वाचनाचा उपयोग त्याने कशाला केला? १७८५ साली छापलेलं त्याचं 'नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया' उघडा. रोममध्ये गुलामांचे हाल जास्त होते, तरी तत्त्वज्ञ एपिक्टीटस, नाटककार टेरेन्स, बोधकथाकार फीड्रस त्यांच्यातूनच निघाले. पण ते गोरे होते, म्हणून काळ्यांचं मागासपण परिस्थितीमुळे नसून निसर्गतःच आहे, असा त्याचा युक्तिवाद. काळ्यांना जन्मतःच कमी ठरवायला रोमन नाटककार साक्षीला!

आणि साक्षीदारही नेमका चुकीचा. टेरेन्स आफ्रिकेत जन्मलेला मानतात. हे बारा वर्षं आधीच एका काळ्या मुलीने छापून ठेवलं होतं. फिलिस व्हीटली लहानपणीच आफ्रिकेतून बॉस्टनला विकायला आणली गेली, गुलामीतच लॅटिन शिकली. १७७३ साली निघालेल्या तिच्या संग्रहातली पहिलीच कविता टेरेन्सचं नाव घेते आणि तळटीपेत तो जन्माने आफ्रिकी असल्याचं सांगते. त्या 'नोट्स'मध्येच जेफरसनने तिचाही निकाल लावला: धर्माने एक व्हीटली घडवली, कवी घडवता आला नाही. तिच्या कविता टीकेच्याही लायकीच्या नाहीत म्हणे. काका, लॅटिन दोघांनाही येत होतं!

राहिला वॉशिंग्टन, जो सत्ता सोडून सिनसिनाटस या प्राचीन रोमन सेनानीसारखा शेतावर परतला. १७८३ साली त्याने सेनापतिपद सोडलं, हे खरं आणि मोठंच. फक्त माउंट व्हर्ननच्या त्या शेतात राबत होते ते गुलाम.