लेप दिलेला इलेक्ट्रोड मेंदूतले डोपामाइन खरोखर ‘ओळखतो’ का?

‘विशेष लेप दिलेला इलेक्ट्रोड मेंदूतील डोपामाइन आणि सेरोटोनिन अचूक ओळखतो, त्यांचे प्रमाण थेट आकड्यांत दाखवतो, आणि हेच तंत्र आता कपाळावरच्या पट्ट्यात येत असल्यामुळे नैराश्याचे निदान रक्तातील साखर तपासण्याइतके सोपे होईल,’ असा मजकूर सध्या सर्रास पुढे पाठवला जात आहे. डोपामाइन आणि सेरोटोनिन ही चेतापेशींमधले निरोप वाहणारी रसायने आहेत. या मजकुरामागचे संशोधन खरे आहे आणि ते पन्नास वर्षांच्या चिकाटीतून उभे राहिले आहे. म्हणूनच त्याच्या नावावर जे खपवले जात आहे, ते एकेक करून तपासले पाहिजे.

आधी ‘अचूक ओळखतो’ हे विधान पाहू. इलेक्ट्रोडला पुरेसा धन विद्युतदाब दिला की त्याच्या पृष्ठभागाशी आलेला डोपामाइनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन गमावतो आणि त्यातून वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजता येतो. अडचण अशी की ॲस्कॉर्बिक आम्लाचे, म्हणजे क जीवनसत्त्वाचे, ऑक्सिडीकरणही, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणेही, विद्युतदाबाच्या याच टप्प्यात होते. शिवाय मेंदूतील पेशीबाह्य द्रवात त्याचे प्रमाण शेकडो मायक्रोमोलर असते, तर डोपामाइन एरवी नॅनोमोलरच्या, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या भागाच्या, घरात असते. कॅन्सस विद्यापीठातील राल्फ ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड बसवून अशा नोंदी प्रथम घेतल्या, तेव्हा मिळालेल्या संकेताचा मोठा वाटा ॲस्कॉर्बिक आम्लाचा असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९८०च्या दशकात नॅफिऑनचा लेप वापरात आला तो याच अडचणीवर उपाय म्हणून.

नॅफिऑन हे फ्लोरिनयुक्त बहुवारिक (पॉलिमर) असून त्याच्या साखळीवरील सल्फोनेट गटांमुळे ते ऋणभारित असते. शरीरातील ७.४ या पीएचला ॲस्कॉर्बिक आम्लही ऋणभारित असल्याने ते लेपापासून दूर लोटले जाते, आणि धनभारित डोपामाइन मात्र लेपात ओढले जाऊन साठते. ही युक्ती अतिशय सुंदर आहे. परंतु लेप येथे रेणूचा विद्युतभार पाहतो, रेणू पाहत नाही. नॉरॲड्रेनालिन हे आणखी एक संदेशवाहक रसायन आणि सेरोटोनिन हेही धनभारितच असल्यामुळे तेही आत येतात. डोपामाइन आणि नॉरॲड्रेनालिन यांचे विद्युतालेख तर इतके सारखे असतात की केवळ आलेख पाहून दोहोंत भेद करणे जवळजवळ अशक्य ठरते. त्यामुळे इलेक्ट्रोडचे टोक मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, कोणते चेतातंतू उद्दीपित केले आणि विशिष्ट औषध दिल्यावर संकेत कसा बदलला, यांवरून संशोधक निष्कर्ष काढतात. ओळख पटवण्याचे बरेचसे काम लेपाच्या बाहेर होते, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमके तेच गाळलेले आहे.

लेप देण्याचे काम प्रत्यक्षात किती नाजूक असते, हेही ध्यानात घ्यायला हवे. साधारण सात मायक्रोमीटर जाडीचा कार्बनचा तंतू काचेच्या केशनलिकेत बसवतात, त्याचे बाहेर आलेले टोक नॅफिऑनच्या द्रावणात बुडवतात आणि वाळवतात. थर पातळ राहिला तर नको असलेले रेणू पुरेसे अडत नाहीत; जाड झाला तर डोपामाइनला पृष्ठभागापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि क्षणार्धातले चढउतार पुसट होतात. दोन टोके तंतोतंत सारखी निघत नाहीत, म्हणून प्रत्येक टोक ज्ञात प्रमाणाच्या द्रावणात तपासून घ्यावे लागते. मेंदूत गेल्यावर त्यावर प्रथिने चिकटून त्याची संवेदनशीलता पुन्हा बदलते, ते वेगळेच.

‘प्रमाण थेट आकड्यांत’ या दाव्याचा पाया याहून कच्चा आहे. या क्षेत्रातील सर्वाधिक प्रचलित पद्धतीत, म्हणजे जलद चक्रीय व्होल्टॅमेट्रीत, विद्युतदाब सेकंदाला चारशे व्होल्ट या वेगाने उणे ०.४ पासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत नेऊन परत आणतात आणि हे आवर्तन सेकंदाला दहा वेळा करतात. इतक्या वेगामुळे इलेक्ट्रोडवर जो पार्श्वप्रवाह निर्माण होतो, तो डोपामाइनमुळे येणाऱ्या प्रवाहाच्या कितीतरी पट मोठा असल्याने वजा करावाच लागतो. या वजाबाकीनंतर हाती उरतो तो काही सेकंदांतला बदल. मुळात डोपामाइन किती होते, हे त्यातून कळत नाही. मूळ पातळी मोजण्याच्या निराळ्या पद्धती आहेत, पण पट्ट्यावर झळकणारा एक आकडा त्यांच्यातूनही निघत नाही.

मेंदूतील ग्लुटामेट आणि ॲसिटिलकोलिन या इतर संदेशवाहक रसायनांचे तर इलेक्ट्रोडवर असे ऑक्सिडीकरण होतच नाही. त्यांच्यासाठी लेपात विकरे (एन्झाइम) बसवावी लागतात आणि विकरांच्या क्रियेतून तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजावे लागते.

कपाळावरच्या पट्ट्याला मात्र कोणताच आधार नाही. रेणू इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाला भिडल्याशिवाय प्रवाह निर्माण होत नाही, आणि कवटीबाहेरून मेंदूतल्या डोपामाइनला भिडण्याचा मार्ग नाही. कपाळावरून विद्युतलहरी टिपता येतात, रसायने नव्हेत. माणसाच्या मेंदूतील डोपामाइनच्या सेकंदाहून लहान काळातल्या नोंदी २०१६ मध्ये पार्किन्सनच्या १७ रुग्णांबाबत प्रसिद्ध झाल्या, त्याही त्यांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया उपचारासाठी होणारच होती म्हणून. रक्त किंवा घाम तपासूनही हे साधत नाही, कारण डोपामाइन आणि सेरोटोनिन रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणीसारखी भिंत, ओलांडत नाहीत आणि शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते.

राहिला निदानाचा मुद्दा. अनपेक्षित लाभ झाला की डोपामाइन चेतापेशींची सक्रियता वाढते, अपेक्षित लाभ हुकला की घटते. हेच डोपामाइन हालचालींसाठीही लागते आणि त्याच्या अभावी पार्किन्सनच्या रुग्णाचे हातपाय जखडतात. मेंदूच्या एका बिंदूवरचा काही सेकंदांचा चढउतार म्हणजे माणसाची मनःस्थिती, असे समीकरण कोणत्याही इलेक्ट्रोडने सिद्ध केलेले नाही. नैराश्याचे निदान लक्षणे, त्यांचा कालावधी आणि रुग्णाशी झालेले सविस्तर बोलणे यांवरून केले जाते. तेव्हा ‘तुमचे सेरोटोनिन कोणी मोजलेच नाही, मग औषध कशाला?’ असे म्हणून जो कोणी रुग्णाला चालू असलेले औषध सोडायला सांगतो, त्याला या संशोधनाचा हवाला देता येणार नाही.