‘यात माणसं कुठे आहेत?’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप मला समजला तो असा: गावालगतची शेतं मोजून, सपाट करून त्यांचे प्लॉट पाडले जातात, या विषयावरच्या लघुपटात ना शेतकरी बोलतो, ना बिल्डर. मोबदल्याचा आकडा नाही. आहेत ती फक्त आठ स्थिर दृश्यं, प्रत्येक पावणेतीन मिनिटांचं. ‘आधीचं आणि नंतरचं उपग्रहचित्र शेजारी ठेवलं असतं तर दहा सेकंदांत समजलं असतं,’ असं तुम्ही म्हणता.

आधी लांबीबद्दल. चित्रण 16 मिलिमीटर फिल्मवर आहे. सेकंदाला 24 चौकटी या वेगाने 100 फुटांचं रीळ साधारण पावणेतीन मिनिटांत संपतं, आणि दिग्दर्शिकेने एकही रीळ मध्ये कापलेलं नाही. म्हणून तिसऱ्या दृश्यात मोजणीवाला खुंटी ठोकतो, कागद पाहतो, ती उपटतो आणि हातभर सरकवून पुन्हा ठोकतो, हे सगळं आपल्याला दिसतं. शेजारी उभा असलेला म्हातारा काही बोलत नाही, पण दोन पावलं पुढे येतो. कात्री लागली असती तर ‘खुंटी ठोकली’ एवढंच उरलं असतं. ती हातभर जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हा प्रश्न मला पडला तो हे सगळं पाहत बसावं लागलं म्हणूनच.

उपग्रहाचं म्हणाल, तर 1984पासूनची जी लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं आपण जोडून पाहतो, त्यांत एक ठिपका 30 मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. बांध, विहीर, पायवाट सगळं त्या एका ठिपक्यात विरून जातं. हिरव्याचं राखाडी झालेलं कळतं, पण जमिनीचे तंटे हातभर रुंदीचे असतात.

आता माणसं. ती आहेत, फक्त आपल्याकडे तोंड करून बसलेली नाहीत. मासाओ अदाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली जपानमध्ये एका तरुण खुन्याविषयी चित्रपट केला, तो फक्त त्याने पाहिली असतील अशी गावं, रस्ते, स्टेशनं दाखवत. माणूस घडतो त्या जागेकडे नीट पाहा, असा त्यांचा आग्रह होता आणि मला तो पटतो. शेतकऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं की आपण त्याच्याकडे दुःखच मागतो. त्याने खुशीने विकली असेल तर? त्या उत्तराला माहितीपटात सहसा जागाच मिळत नाही.

मोबदल्याचा हिशोब मात्र व्हायलाच हवा, यात दुमत नाही. त्यासाठी कागदपत्रं वाचणारा पत्रकार लागतो; या आठ रिळांकडून ती अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि शेवटच्या दृश्यात आवाज अचानक बंद होतो, ते तुम्हाला खोटं वाटलं. मलाही. रोलर चालू असताना त्याचा आवाज काढून घेणं म्हणजे प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते सांगणं, आणि त्याआधीची सात दृश्यं तेच तर कटाक्षाने टाळतात.